मिस्त्रींच्या मनगटाचं माप

३ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार घे आणि आधी बस. उभ्याने वाचायचं पत्र नाही हे.

मी एक घड्याळ घेतलंय. किंमत सांगत नाही, कारण तू मावशीची लेक, तिच्यासारखाच कपाळावर हात मारशील. दुकानात आधी गादीच्या खुर्चीवर बसवलं, मग विक्रेत्याने पांढरे हातमोजे चढवले. मला वाटलं, माझंच ऑपरेशन करतोय. घड्याळ उलटं केलं की मागच्या काचेतून आतली चाकं दिसतात. अक्का, काय काम आहे. आयुष्यभर लोखंड कापलेल्या माणसाला ते बघून आपण नुसती खडी फोडली असं वाटतं.

फसलो फक्त पट्ट्यात. कातड्याचा पट्टा आणि त्याला साधं बकल, भोकात काटा घालायचं. मला ते नको. मला फोल्डिंग क्लास्प हवाय, घडी उलगडली की हात आत जातो आणि दाबली की पट्टा बसतो. दुकानदार म्हणतो, कंपनीकडून मागवायला चार महिने. म्हणून तुला लिहितोय. आपल्या घरात घड्याळाचे पट्टे शिवणारी तू एकटी.

घड्याळ माझ्यासाठी नाही, मिस्त्रींसाठी आहे. मला लेथ शिकवला तेच मिस्त्री. मी स्वतःचा कारखाना काढला तेव्हा माझ्याकडे आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. येत्या तीस एप्रिलला काम सोडतायत. या माणसाने एकोणीस वर्षांत माझ्याकडून पगाराशिवाय काडीसुद्धा घेतलेली नाही. स्कूटर दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्याच्या दारात आणि किल्ली माझ्या टेबलावर. फ्रिज पाठवला, तर टेम्पोवाल्याला म्हणाले, पत्ता चुकला तुझा. स्वतःच्या दारात उभं राहून.

हे घड्याळ शेवटच्या दिवशी मला त्यांच्या मनगटावर बघायचंय. सगळ्यांसमोर. हेही परत आलं तर पुन्हा संधी नाही.

मनगट डावं. माप १९१.७ मिलिमीटर. डोळे झाकून कापायला घे. लावायला सोपा क्लास्प बघ. अगदी सोपा.

तुझा
खटपट्या

&nbsp;

११ फेब्रुवारी

खटपट्या,

बसूनच वाचलं. कातडं उभ्याने शिवता येत नाही, त्यामुळे मी दिवसभर बसलेलीच असते.

एकशे एक्याण्णव पूर्णांक सात? मिस्त्री कुस्ती खेळतात का? असं मनगट माझ्याकडे वर्षातून दोनदा येतं आणि तो माणूस दारातून तिरका आत शिरतो. पुन्हा मोज. कागदाची अरुंद पट्टी घे, मनगटाच्या हाडाच्या अलीकडे गुंडाळ, जिथे कागदावर कागद येईल तिथे पेन्सिलीची खूण कर आणि ती पट्टी मला पाठव. आकडा लिहू नकोस. तुझे आकडे फार आत्मविश्वासाने येतात.

आता क्लास्प. दोन तऱ्हा आहेत. एक दोन पंखांचा. मनगटाखाली बरोबर मधोमध बसतो, बंद झाला की पट्टा अखंड दिसतो. देखणा. पण उघडताना दोन्ही बाजूंची बटणं चिमटीत धरून दाबावी लागतात आणि पट्टा नंतर कमी-जास्त करायला जागा फार थोडी. दुसरा एकाच घडीचा. दिसायला जरा भरड, पण भोकं बदलून लांबी सोडता-आवळता येते. उकाड्यात मनगट फुगतं, थंडीत उतरतं. पट्टा आयुष्यभर घालायचा असेल तर याचा विचार कर.

तिसरं, लावणारा हात कसा आहे ते लिही. डाव्या मनगटावरचं घड्याळ माणूस उजव्याने लावतो, एवढं मलाही कळतं. बोटं जाड आहेत का, नखं ठेवतात का, हात कापतो का, यावर बटण ठरतं.

मावशीचा गुडघा कसा आहे? तू घड्याळाची चार पानं लिहिलीस आणि स्वतःच्या आईबद्दल एक ओळ नाही.

अक्का

&nbsp;

१९ फेब्रुवारी

अक्का,

आई बरी आहे. गुडघा तिचाच ऐकतो, माझा नाही.

मिस्त्री पैलवान नाहीत, वाळलेले आहेत. पण माप मापच आहे. मी घेतलेल्या मापावर लोकांचे पंप फिरतात. एक केस इकडेतिकडे झाला तर पाणी गळतं. कागदाच्या पट्टीने मोजायला मी शिंपी आहे का? शिवाय त्यांना कळता कामा नये. कळलं की संपलं, घड्याळाआधी माणूसच कारखान्यात यायचा बंद होईल. एकदा जमलंय, पुन्हा जमणार नाही.

क्लास्प दोन पंखांचा पाठव. देखणाच हवा. फक्त ती बटणं काढून टाकता येतील का? आणि टेबलाच्या कडेला मनगट टेकवून नुसतं दाबलं तर बसेल ना? म्हणजे दुसऱ्या हाताची मदत न घेता. सहज विचारतोय.

बोटं बोटांसारखी आहेत.

खटपट्या

&nbsp;

८ मार्च

खटपट्या,

पार्सल निघालं. तू हट्टाला पेटलास की मावशीचंही चालत नाही, तिथे माझं काय. पट्टा १९१.७ चाच शिवलाय. क्लास्प मात्र एका घडीचा लावलाय. दोन पंखांच्या क्लास्पची बटणं काढणं म्हणजे दाराची कडी काढून दार बंद राहील अशी आशा करणं.

हाताबद्दल विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

अक्का

&nbsp;

१७ मार्च

अक्का,

रागावणार नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. ते जमत नाहीये.

पट्टा आला. शिवण बघून कारखान्यातले दोघे हळहळले, लोखंडात असं काही होत नाही म्हणून. मी काय केलं, ॲल्युमिनियमचा एक दांडा लेथवर कातून घेतला, बरोबर ६१ मिलिमीटर जाडीचा, मिस्त्रींच्या मनगटाएवढा. त्याच्यावर घड्याळ चढवलं, क्लास्प दाबला. फिट. पट्ट्याखाली कागदसुद्धा सरकेना. मी खूश.

मग कौतुकाने स्वतःच्या हातात घातलं. अक्का, माझं मनगट मिस्त्रींपेक्षा चांगलं दणकट आहे. घड्याळ घसरत कोपराकडे निघालं. हात खाली केला तर बोटांपर्यंत आलं. पुन्हा दांड्यावर चढवलं, फिट. पुन्हा माझ्या हातात, पाळणा. सकाळचे दोन तास मी हेच करत होतो आणि बाहेर लोकांना वाटत होतं साहेब हिशेबात आहेत.

कातडं ताणलं जातं का दमट हवेत? की तू घाईत कापलंस? खरं सांग, मी काही म्हणणार नाही. माझ्या मापात चूक शक्य नाही. चहाच्या वेळी गप्पा मारता मारता, गंमत केल्यासारखं दाखवून, मी त्यांच्या मनगटाला जाडी मोजायचा कॅलिपर लावला होता. ते म्हणालेसुद्धा, ‘काय बनवतोस, बेडी?’ ६१ मिलिमीटर. त्याला बावीस सप्तमांशाने गुणायचं. सातवीतलं गणित आहे.

सहा आठवडे राहिलेत आणि आपण सुरुवातीलाच उभे आहोत.

खटपट्या

&nbsp;

२४ मार्च

खटपट्या,

मी पत्र मोठ्याने वाचलं. माझ्या हाताखालच्या दोघी शिवण सोडून हसत बसल्या. अर्ध्या दिवसाचं काम बुडालं, ते तुझ्या नावावर.

अरे, मनगट गोल नसतं. आपलंच मनगट बघ. आडवं रुंद, उभं चपटं, जसा पाण्यात घासलेला दगड. तू कॅलिपर आडवा लावलास, एकसष्ट आले. उभा लावला असतास तर जेमतेम सेहेचाळीस आले असते. तू मिस्त्रींच्या हाताचा दांडा केलास, मला दांड्याचं माप पाठवलंस, मी दांड्याला पट्टा शिवला, आणि तो दांड्याला फिट बसला. कातडं ताणलेलं नाही, मीही चुकले नाही. पस्तीस वर्षं मनगटं बघतेय, गोल माणूस अजून भेटला नाही.

हे झालं गमतीचं. आता बिनगमतीचं.

पहिल्या पत्रात तू लिहिलंस की मिस्त्री सव्वीस वर्षं तुझ्याकडे आहेत. आणि एकोणीस वर्षांत त्यांनी काडी घेतली नाही. मग आधीची सात वर्षं घेत होते ना? एकोणीस वर्षांपूर्वी काय झालं? बकल नको, बटणं नकोत, टेबलाच्या कडेला दाबून बसायला हवं, दुसऱ्या हाताची मदत नको. मी हाताबद्दल दोनदा विचारलं. एकदा बोटं बोटांसारखी आहेत असं कळवलंस आणि एकदा काहीच नाही. तू लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही असंच बरणी सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलत होतास.

त्यांच्या उजव्या हाताला काय झालंय? आणि कुठे झालं?

हे कळल्याशिवाय मी कातडं कापणार नाही.

अक्का

&nbsp;

२ एप्रिल

अक्का,

तुझं पत्र आल्यावर आधी ठरवलं की दुसरीकडून पट्टा करून घ्यायचा. एकाकडे गेलोही. त्याने मनगटाभोवती कागद गुंडाळायला सांगितलं. सगळे एकाच मास्तरचे.

तर लिहितो. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, आणि अंगठा अर्धा. चिमूट होत नाही त्यांची.

माझ्याच कारखान्यात झालं, पत्रा कापायच्या प्रेसवर. प्रेसच्या तोंडाला जाळीचं गार्ड असतं, हात आत जाऊ नये म्हणून. गार्ड असलं की पत्रा सरकवायला वेळ लागतो. मोठी ऑर्डर होती, पहिलीच मोठी. गार्डचे बोल्ट मी काढले. मी स्वतः. दोन दिवसांत काम संपवून परत लावू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री प्रेसवर होते.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. तीन महिन्यांत डाव्या हाताने लेथ चालवायला शिकले आणि आजही आमच्याकडे त्यांच्याइतकं सफाईचं काम कुणी करत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मी घेतल्या असत्या. ते देतच नाहीत आणि माझ्याकडून काही घेतही नाहीत. शिक्षा कशी द्यायची ते या माणसाकडून शिकावं.

आधी ते घड्याळ घालायचे. साधंच, बकलाचं. त्यानंतर मनगट मोकळं. बायकोकडून रोज बकल लावून घ्यायचं त्यांना जमणारं नव्हतं.

आता तुला कळलं क्लास्प का हवा ते. अठ्ठावीस दिवस आहेत. मी त्यांचं माप चोरून कसं घेऊ ते सांग. झोपेत घेता येईल का, दुपारी जेवणानंतर ते दहा मिनिटं डोळे मिटतात.

खटपट्या

&nbsp;

९ एप्रिल

खटपट्या,

झोपेत मनगटाला कागद गुंडाळलेला माणूस जागा झाला तर तू काय सांगणार आहेस त्याला?

सोबत एक डबी आहे. तीत तीन सुटे क्लास्प आहेत, वेगवेगळ्या तऱ्हेचे, आणि कागदाची कोरी पट्टी. दुपारच्या वेळी, चार लोक असताना, ही डबी मिस्त्रींसमोर ठेव. म्हण, घड्याळ आणलंय, पट्ट्याचं माप हवंय आणि यातला कुठला लावता येतो ते तुम्ही सांगा. हात पुढे करा म्हण. दोन्ही हात.

तू स्कूटर दिलीस, फ्रिज दिलास, आता घड्याळ देतोयस. एकदाही त्यांना विचारलं नाहीस की काय पाहिजे आणि कसं पाहिजे. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ना, ते आधी हात टेबलावर ठेवतं. मग बोलणं सुरू होतं. हात न दाखवता पट्टा होत नाही, आणि तू तर एकोणीस वर्षं हाताकडे न बघता पट्टा शिवायला निघालायस.

नाही म्हणाले तर नाही म्हणतील. तुझ्याकडे नकारांचा साठा आहेच, त्यात एकाची भर.

मापाची पट्टी अठरा तारखेपर्यंत निघाली नाही तर तीस एप्रिल विसर.

अक्का

&nbsp;

१७ एप्रिल

अक्कांना नमस्कार.

आपली ओळख नाही. मी तुमच्या भावाच्या कारखान्यातला मिस्त्री. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घ्या. पट्ट्याचं त्याच्यामार्फत कळवलं तर पुन्हा गणित करेल म्हणून थेट लिहितो.

माप सोबतच्या पट्टीवर आहे. सकाळची खूण निळी, संध्याकाळची लाल. माझ्या पट्टीप्रमाणे १६८ आणि १७१ भरतात, पण तुम्ही तुमच्या पट्टीने बघा. पट्टा लाल खुणेचा करा आणि आत दोन भोकं जास्त ठेवा.

तुमच्या डबीतला बटणांचा क्लास्प मला उघडत नाही. दुसरा, नुसता दाबून बसणारा, चांगला आहे. मांडीवर टेकवून बंद होतो. उघडायला तोंडाशी नखाएवढी जीभ पुढे काढता आली तर काढा, मी करंगळीने उचलतो. घडी माझ्या अंगाकडे उघडावी, बाहेरच्या बाजूला नको. तुम्हाला जमत नसेल तर तसाच पाठवा, जीभ मी इथे बसवीन.

आता दुसरं. त्याने तुम्हाला सगळं लिहिलंय असं म्हणाला, म्हणून राहिलेलं मी लिहितो.

सोमवारी तो माझ्या लेथपाशी आला, डबी ठेवली आणि म्हणाला, हात पुढे करा. मी डावा केला. म्हणाला, दोन्ही. एकोणीस वर्षं हा पोरगा माझ्याशी बोलताना माझ्या चष्म्याकडे बघतो. सोमवारी त्याने माझा उजवा हात हातात घेतला आणि क्लास्प लावून बघितले, एकेक करून. मध्ये काही बोलला नाही. तुम्हाला माहीत आहे, त्याला गप्प बसायला किती कष्ट पडतात.

गार्डचे बोल्ट त्याने काढले, खरं आहे. पाना कुठून आला ते त्याने लिहिलं नसेल, कारण त्याच्या लक्षातच नाही. माझ्या खिशातून. त्याने मागितला, मी दिला. तो तेव्हा चाळिशीचाही नव्हता, त्याला घाई होती. वस्ताद मी होतो. नाही म्हणणं हे माझं काम होतं. तो देत राहिला, आणि ते मी घेतलं असतं तर सगळी चूक त्याच्या एकट्याच्या नावावर गेली असती. म्हणून परत करत होतो. त्याला वाटलं राग आहे.

हे सांगितलं तर म्हणाला, पाना कुणाचा याने काय होतं, हात माझा होता. मी म्हटलं, गेलेला हात तर माझा ना. अर्धा तास भांडलो. लोक काम थांबवून बघत होते. मोकळं वाटलं.

घड्याळ घेईन म्हणालो, पण एका अटीवर. अजूनही घाई असली की लोक ते गार्ड काढतात आणि हा दुसरीकडे बघतो. म्हटलं, गार्ड वेल्ड कर. त्याने स्वतः केलं. वेल्डिंग अगदी भिकार आहे, माझ्याकडे शिकताना असं केलं असतं तर कानाखाली बसली असती. पण निघणार नाही.

समारंभ करू नको असं त्याला तुम्ही सांगून बघा. माझं ऐकत नाही.

मिस्त्री

&nbsp;

१ मे

अक्का,

मिस्त्रींनी तुला पत्र लिहिलं एवढं कळलं. काय लिहिलं ते ते सांगत नाहीत, तूही सांगणार नाहीस, आणि माझ्याच पट्ट्याबद्दल मला सोडून सगळ्यांना माहिती आहे.

पट्टा सव्वीसला पोचला. ती पुढे काढलेली जीभ बघितली. भिंगाखाली धरून बघितली. तुझ्या हाताला माझा नमस्कार. मिस्त्रींसमोर घड्याळ ठेवलं. त्यांनी उचललं, मागच्या काचेतून पाच मिनिटं आतली चाकं बघितली, ‘बरं केलंय’ म्हणाले आणि खिशात टाकलं. खिशात. जसा सुट्टा नट टाकतात तसं. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, मनगट मोकळंच. मी रोज कारणं काढून त्यांच्या लेथपाशी जात होतो.

काल तीस. मी तुझं ऐकलं नाही, समारंभ ठेवला. दुपारी चारला सगळी यंत्रं बंद केली, खुर्च्या मांडल्या, फोटोग्राफर बोलावला. आणि मिस्त्री आले ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मनगटाशी बटणं लावून. भर उन्हाळ्यात. अक्का, लेथवर पूर्ण बाही चालत नाही, गुंतते. चाळीस वर्षांत मी त्यांना अर्ध्या बाहीशिवाय बघितलेलं नाही. मला वाटलं, संपलं. घरी ठेवून आले. उद्या सकाळी माझ्या टेबलावर.

फोटोग्राफरला सांगितलं, डावा हात पुढे घे. मिस्त्रींनी फुलांचा गुच्छ घेतला आणि हात त्याच्यामागे. मग मी डाव टाकला. सगळ्यांसमोर, अगदी सहज विचारल्यासारखं म्हटलं, ‘मिस्त्री, किती वाजले हो?’ त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘सव्वाचार. तुला दिसत नाही का?’ लोक हसले. मीही हसलो, दात दाखवण्यापुरतं.

मग माझं भाषण. पाच पानं लिहिली होती. मिस्त्री माझ्या मागच्या खुर्चीत. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानाला, जिथे त्यांच्या हाताचा उल्लेख होता तिथे, मी अडखळलो आणि थांबलो. कारखाना बंद असला की किती शांत असतो हे मी विसरूनच गेलो होतो.

आणि मागून आवाज आला. बारीक. टक्.

चाळीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढली, तरी माझे कान शाबूत आहेत. कुठलं बेअरिंग जाणार ते मी दारातून सांगतो. मी वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा, बाहीच्या आत, उघडल्याचा. मग मिटल्याचा. टक्.

उरलेली पानं मी खिशात घातली आणि तसाच उभा राहिलो. लोकांना वाटलं, साहेब गहिवरले. मी ऐकत होतो.

तुझा
खटपट्या